जिममधला सल्ला कुणाचा?

जिम लावली की आठवडाभरात प्रोटीन पावडरचा डबा घरी येतो. सल्ला देणाऱ्याचे शिक्षण मात्र कुणी विचारत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात; ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. नियमित कसून व्यायाम करणाऱ्याला ती जास्त लागतात, मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला बरेचदा कमी. हा फरक ओळखायला शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि रुग्णालयातला अनुभव लागतो. म्हणूनच आहारशास्त्रातील पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप झाल्यावर ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ परीक्षा देता येते. व्यायामाची आवड असलेल्यांसाठी क्रीडा पोषणाचा वेगळा अभ्यासक्रमही आहे. डबा घेण्याआधी एवढेच विचारा, ‘तुम्ही हे कुठे शिकलात?’