मतापूर्वीं हिशेब

निवडणूक जवळ आली म्हणजे पुढारी शेताच्या बांधापर्यंत येतात, रस्त्याचें व पाण्याचें वचन देतात. आणि मतदान उरकलें कीं वचन व पुढारी दोन्ही दिसेनासे होतात. हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. परंतु दिलेलें वचन पदरांत पाडून घेतां येतें, हें राजस्थानांतील शेतकरी-मजुरांनीं दाखविलें आहे. ती हकीकत येथें देतों.

आज राजसमंद जिल्ह्यांत असलेल्या भीम येथें १९९० सालीं ‘मजदूर किसान शक्ति संघटन’ ही संस्था स्थापन झाली. दुष्काळी कामांवर ठरलेली मजुरी पुरी मिळत नसे; हजेरीपट दाखवा म्हटलें, तर ‘तो सरकारी कागद आहे’ असें उत्तर येई. १९९४ च्या डिसेंबरांत कोटकिराणा येथें पहिली जनसुनावणी भरली. हजेरीपट गांवासमोर मोठ्यानें वाचण्यांत आला, तेव्हां कामावर कधींच न गेलेल्यांचीं नांवें त्यांत निघालीं.

पुढें १९९५ च्या एप्रिलांत मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनीं विधानसभेंत अशा कागदांच्या नकला देण्याचें वचन दिलें. वर्ष उलटलें तरी हुकूम निघेना. म्हणून लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, ६ एप्रिल १९९६ रोजीं, संघटनेनें ब्यावर येथें धरणें धरलें. सरकारनें हुकूम काढला; त्यांत कागद पाहण्याची मुभा होती, नकलेची नव्हती. नुसत्या पाहिलेल्या कागदाचा पुरावा होत नाहीं, हें ओळखून लोक जागचे हलले नाहींत. आसपासच्या गांवांनीं धान्य पुरविलें. धरणें ४० दिवस चाललें. १९९७ सालीं जयपुरास पुन्हां बसावें लागलें. राजस्थानांत २००० सालीं कायदा झाला, व २००५ सालीं संसदेनें माहितीच्या अधिकाराचा कायदा केला.

ज्यांस निवडणुकीची चिंता आहे, त्यांस प्रश्न विचारण्याची वेळ मतापूर्वींच असते, हा यांतील बोध होय. अर्जाचें उत्तर सामान्यतः ३० दिवसांत देण्याचें बंधन आहे. तेव्हां आमच्या बंधूंनीं मतदानाच्या दोन महिने आधींच बंधाऱ्याच्या अगर रस्त्याच्या खर्चाची नक्कल मागावी, ती ग्रामसभेंत वाचावी, आणि उमेदवार दारीं आला कीं हार घालण्यापूर्वीं तोच कागद त्याच्यापुढें ठेवावा. बी पेरण्यापूर्वीं आपण पारखून घेतों. मताचें बी तरी न पारखतां कां पेरावें?