नेम चांगला, तरी लवकर बाद का? समजून घ्या बीजीएमआयमधल्या ‘झोन’चं गणित

लूट भरपूर होती, बंदूक आवडीची होती, नेमही बरा होता. तरी शेवटच्या दहांत येण्याआधीच खेळ आटोपला. बीजीएमआय खेळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. अशा वेळी दोष फोनवर, नेटवर्कवर किंवा सोबतच्या खेळाडूवर जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा चुकलेली असते ती जागा. कारण या गेममध्ये मैदान एकसारखं राहत नाही, दर काही मिनिटांनी ते लहान होतं. या बदलत्या मैदानावर टिकायचं कसं, जाणून घेऊया.

झोन नेमका काम कसा करतो?

सामना सुरू झाल्यावर काही वेळाने नकाशावर एक पांढरं वर्तुळ दिसतं. ही पुढची सुरक्षित जागा. ठरलेली वेळ संपली की बाहेरची निळी भिंत त्या वर्तुळाकडे सरकू लागते. ती पांढऱ्या रेषेपर्यंत पोहोचली की आतमध्ये आणखी लहान वर्तुळ जाहीर होतं. निळ्या भागात राहणाऱ्याची हेल्थ कमी होत जाते आणि दर टप्प्याला हा मार वाढतो. सुरुवातीला फर्स्ट एड किट आणि एनर्जी ड्रिंकवर थोडा वेळ काढता येतो. शेवटच्या टप्प्यांत मात्र काही सेकंदांतच खेळ संपतो.

झोनचा उद्देश सोपा आहे. मैदान कमी होत गेलं नाही, तर प्रत्येक जण कुठल्यातरी घरात लपून बसेल आणि सामना संपणारच नाही.

वर्तुळच का?

पब्जीचे निर्माते ब्रेंडन ग्रीन यांना ही कल्पना ‘बॅटल रॉयल’ या जपानी चित्रपटावरून सुचली. त्यांना आधी चौकोनी सुरक्षित जागा हवी होती. पण कोडिंगचा अनुभव कमी असल्याने त्यांनी वर्तुळ वापरलं आणि पुढे तेच कायम राहिलं.

दिसतं त्यापेक्षा मैदान लवकर संपतं

एरँगल हा नकाशा ८ बाय ८ किलोमीटरचा, म्हणजे ६४ चौरस किलोमीटर. सॅनहॉक ४ बाय ४, म्हणजे फक्त १६. बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई उरतं. वर्तुळालाही हाच नियम लागू होतो. व्यास निम्मा झाला, तर आधी ४० घरं असलेल्या भागात साधारण १० घरं उरतील. खेळाडू मात्र त्या प्रमाणात कमी झालेले नसतात. त्यामुळे ‘झोन आला की निघू’ म्हणणाऱ्या टीमला प्रत्येक घराच्या खिडकीत आधीच कोणीतरी बसलेलं सापडतं.

मध्यभागी जावं की कडेने?

नवं वर्तुळ नेहमी जुन्याच्या आतच येतं, पण त्याचा मध्य तोच असेल असं नाही. तरीही एक हिशेब हाती लागतो. नव्या वर्तुळाचा व्यास जुन्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल, तर जुन्या वर्तुळाचा मध्यबिंदू नव्या वर्तुळात असतोच. म्हणून काही टीम सरळ मध्यभागातली घरं पकडतात.

- मध्यभाग: पुन्हा धावपळ करण्याची गरज कमी. पण हल्ला चारही बाजूंनी होऊ शकतो. भक्कम इमारत किंवा उंच टेकडी नसेल, तर मध्यभाग महागात पडतो.
- कडा: पाठीमागे निळी भिंत असल्याने मागून धोका कमी. उशिरा येणाऱ्यांना टिपताही येतं. पण वर्तुळ विरुद्ध बाजूला सरकलं, तर उघड्यावरून लांब पळावं लागतं.

घरं पकडण्यात तरबेज टीम मध्यभाग निवडते, समोरासमोरच्या लढाईत चांगली टीम कडेने येते. गाडी आणि स्मोक दोन्ही नसताना कडेला थांबणं मात्र जोखमीचं.

निघायची वेळ कशी ठरवायची?

एरँगलचा दक्षिणेकडचा मिलिटरी बेस याचं चांगलं उदाहरण. तिथे लूट भरपूर, पण ते बेट आहे आणि मुख्य भूमीशी जोडणारे पूल दोनच. वर्तुळ उत्तरेला आलं की सगळ्यांना तिकडूनच यावं लागतं आणि पुलाच्या टोकाला शत्रू टपून बसतो. तिथे उतरणाऱ्या टीमने पहिलं पांढरं वर्तुळ दिसताच गाडी किंवा बोट शोधलेली बरी. पाच मिनिटांची जादा लूट पुलावरच गमावण्यात अर्थ नाही.

निघण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. मधे पूल किंवा नदी आहे का? वाटेत आडोसा किती आहे? गोळीबाराचा आवाज कुठून येतोय? दोन टीम भांडत असतील, तर त्यांच्या मागच्या बाजूची वाट काही काळ मोकळी असू शकते.

शेवटच्या वर्तुळात काय बदलतं?

शेवटी घर उरेलच याची खात्री नसते. वर्तुळ उघड्या माळावर आलं, तर झाड, दगड, जमिनीचा उंचवटा आणि स्मोक एवढाच आधार. म्हणून बॅग भरताना जादा गोळ्यांपेक्षा तीन-चार स्मोक जास्त उपयोगी ठरू शकतात. गाडीचा आडोसा तात्पुरता चालतो, पण तिचा स्फोट होतो हे विसरू नये. उंच जागा मिळाली, तर खालच्याला वर येताना उघड्यावर यावंच लागतं.

गुणांचा हिशेब काय सांगतो?

अलीकडच्या अनेक अधिकृत स्पर्धांमध्ये चौघांच्या १६ टीम, म्हणजे ६४ खेळाडू एका सामन्यात असतात. पहिल्या टीमला १० गुण, दुसरीला ६, तिसरीला ५ आणि प्रत्येक किलमागे १ गुण. आठव्या क्रमांकानंतर जागेचा गुण नाही. तीन जणांना मारून बाराव्या स्थानी बाद होणाऱ्या टीमला ३ गुण मिळतात. एकही किल न करता तिसरी आलेली टीम ५ गुण नेते. पण फक्त लपूनही भागत नाही: दुसरी आलेली टीम पाच किल करेल, तर तिचे ११ गुण होतात, म्हणजे एकही किल न करता जिंकणाऱ्या टीमपेक्षा एक जास्त.

सराव कसा करायचा?

प्रत्येक सामन्यानंतर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: पहिलं वर्तुळ कुठे आलं, टीम कधी निघाली आणि बाद होताना ती घरात होती की उघड्यावर. वीस सामन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की उशीर नेमका कुठे होतो ते दिसू लागतं. जास्त फ्रेम रेटचा महागडा फोन समोरासमोरच्या लढाईत फायदा देतो, हे खरं. पण वर्तुळ साध्या फोनवरही त्याच वेळी, त्याच जागी दिसतं. कमी बजेटमध्ये खेळणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.