बिल एक, बँका दोन

बेंगळुरू :

बेंगळुरूत राहतो म्हटलं की गावाकडून फोन येतात, आणि ब्लॉकचेनचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : बिटकॉइन घेऊन ठेवू का? या प्रश्नाचा मला खरोखर त्रास होतो. इथे बँकांतली माणसं ब्लॉकचेनबद्दल बोलतात ती बिलांच्या संदर्भात. एकाच मालाचं बिल दोन बँकांत दाखवून दोन्हीकडून पैसे उचलणाऱ्याला अडवायचं कसं, ही त्यांची चिंता. हा प्रकार काय असतो, ते कोल्हापूर-इचलकरंजीच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

दुसरा गैरसमज वेगाचा. ब्लॉकचेन आली की पैसे झटपट फिरतील आणि बँकेचा नफा वाढेल, असं आपल्याकडे मानतात. पैसे झटपट पाठवण्याचं काम यूपीआयने आधीच करून टाकलं आहे, आणि त्यावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणं जानेवारी २०२० पासून बंद आहे. तिथे बँकेला कमावण्यासारखं फारसं उरलेलं नाही. बुडणारे पैसे बुडू न देणं, यातच नफा आहे.

पीण्या औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचे एक बेळगावकर गृहस्थ आहेत. सीएनसी यंत्रांवर सुटे भाग करून मोठ्या कंपनीला पुरवतात. “अहो, हे बघा,” म्हणत त्यांनी तेलकट बोटांनी मोबाइल पुढे केला. त्यांचं बिल ट्रेड्सच्या, म्हणजे बिलांवर बँकांकडून बोली मागवणाऱ्या, मंचावर चढलं होतं, कंपनीने ते मान्य केलं होतं आणि खाली बँकांच्या बोली दिसत होत्या. सगळ्यात कमी व्याजाची बोली त्यांनी माझ्यादेखत घेतली. आता कंपनीने पैसे थकवले तरी बँक यांच्या दारात येणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज आणि इनव्हॉइसमार्ट हे ट्रेड्सचे तीन मंच २०१८ साली एका सामायिक ब्लॉकचेन नोंदवहीने जोडले गेले. बिलाचा जणू बोटाचा ठसा तेवढा त्या वहीत जातो. बिल कोणाचं, माल कसला, हे दुसऱ्या मंचाला दिसत नाही. पण तोच ठसा पुन्हा आला की लगेच कळतं.

आता आमच्या शिरोलीच्या चुलतभावाचं ऐका. फाउंड्री चांगली चालते, माल वेळेवर जातो, पैसे मात्र तीन-तीन महिने येत नाहीत. तो सहकारी बँकेत बिलांची झेरॉक्स घेऊन जातो. साहेब शिक्का तपासतात, आणखी दोन कागद मागतात, पुढच्या सोमवारी बोलावतात. हेच बिल आणखी कुठे गहाण आहे का, हे साहेबांना कळायला मार्गच नाही. मग ते सगळ्यांनाच संशयाने बघतात आणि तो संशय व्याजदरात धरतात. चोराचा भुर्दंड सावाने भरायचा. चांगलं गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जातं आणि बँकेकडे उरतात ते ज्यांना कोणी उभं करत नाही असे. बँकेचा नफा असा झिजतो.

मोठ्या बँकांनी हे ओळखलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयसीआयसीआयने दुबईच्या एमिरेट्स एनबीडीबरोबर पोलादी भंगाराच्या आयातीचा व्यवहार ब्लॉकचेनवर केला, तो इथल्या इन्फोसिसच्या यंत्रणेवर. २०२१ मध्ये पंधरा बँकांनी प्रत्येकी ५ कोटी रुपये घालून सामायिक कंपनी काढायचं ठरवलं, देशांतर्गत लेटर ऑफ क्रेडिटसाठी. बेंगळुरूची कॅनरा बँक त्यात आहे. एकूण रक्कम ७५ कोटी. याउलट मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा उघडकीला आला त्या तिमाहीत, जानेवारी ते मार्च २०१८ मध्ये, पंजाब नॅशनल बँकेचा तोटा होता १३,४१७ कोटी. त्यात इतर थकीत कर्जंही होती. पण शाखेतून स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेवर हमीपत्रं गेली आणि बँकेच्या स्वतःच्या खतावणीत त्यांची नोंद नव्हती. पैसे देणाऱ्या बँका आणि हमी देणारी बँक एकाच वहीवर असत्या, तर ही हमीपत्रं वर्षानुवर्षं मुख्यालयापासून लपून राहिली नसती.

ही वही सगळ्यांची असावी लागते, आणि गाडं अडतं ते तिथेच. युरोपातल्या बँकांचं वी-ट्रेड हे ब्लॉकचेन जाळं २०२२ मध्ये बंद पडलं, काँटूर हे तसंच दुसरं २०२३ मध्ये. मागे मोठमोठ्या बँका असूनही. अर्ध्या बँका वहीबाहेर राहिल्या तर लबाड माणूस त्या अर्ध्यांकडे जातो. आणि त्या पंधरा बँकांच्या यादीत एकही सहकारी बँक नाही. एकत्र येऊन धोका वाटून घ्यायचं महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही, म्हणूनच आपल्या बँकांना दाराबाहेर पाहून चीड येते.

कोणी ब्लॉकचेनला रामबाण म्हणून विकायला आलं, तर मात्र त्याला परत पाठवा. पीएमसी या सहकारी बँकेत एका बिल्डरची कर्जं लपवायला २१,०४९ बनावट खाती उघडली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुढच्याच जानेवारीत इथे बसवनगुडीच्या श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, मर्यादा ३५,००० रुपये. घरातल्या माणसांनी घरच्या वहीत लिहिलेलं खोटं कोणतीही ब्लॉकचेन पुसत नाही, उलट ते कायमचं जपून ठेवते. तिथे हवेत जागे संचालक आणि बोलणारे सभासद.

नागरी सहकारी बँकांना तंत्रज्ञान पुरवण्यासाठी एनयूसीएफडीसी ही शिखर संस्था मार्च २०२४ पासून काम करते आहे. तुमच्या बँकेच्या वार्षिक सभेत लाभांश किती, एवढंच विचारून घरी जाऊ नका. बिल दुसरीकडे गहाण नाही हे आपली बँक कसं तपासते, आणि या शिखर संस्थेत आपण भांडवल भरलं आहे का, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.