जबड्याची वेदना आणि गोळीविना उपाय

जांभई देताना कानापुढे कट्‌ असा आवाज येतो, भाकरीचा घास चावताना कळ कानशिलापर्यंत जाते, आणि दाढा तपासाव्यात तर त्या निर्दोष. खालचा जबडा कवटीशी जोडणाऱ्या सांध्याचे व त्याभोवतीच्या स्नायूंचे हे दुखणे. चिंतेत दात आवळून धरण्याची सवय ते वाढवते. वसुली अडकलेल्या व्यापाऱ्यास ही सवय निराळी शिकवावी लागत नाही.

दुखणे महिनोन्‌महिने टिकले की वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. त्या उपाशीपोटी जठरास बाधतात, दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडासही. चौविहार पाळणाऱ्याला रात्री गोळी चालत नाही, आणि अनेक कॅप्सूलचे वेष्टन प्राणिजन्य जिलेटिनचे असते.

म्हणूनच आभासी वास्तवाच्या प्रयोगांकडे लक्ष द्यावेसे वाटते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांच्या डोळ्यांवर हे यंत्र चढविले. जखमा धुतल्या जात असताना रुग्ण बर्फाळ दरीत हिमगोळे फेकण्यात गुंतत. औषधे चालूच असत. परंतु अवधान दुसरीकडे वेधल्याने वेदना आणखी कमी जाणवे. २०२१ मध्ये त्या देशाच्या औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी अशा आठ आठवड्यांच्या उपक्रमास अनुमती दिली. त्यात दीर्घ श्वसनाचाही अभ्यास आहे. ही अनुमती कंबरेपुरती होती, जबड्यासाठी नव्हे, हे विक्रेता सांगेलच असे नाही.

मुख व मस्तकाच्या वेदनांचे अभ्यासक अलेक्झांद्र दासिल्वा यांच्या मिशिगन विद्यापीठातील गटाचा प्रयोग मला अधिक बोलका वाटला. काही निरोगी स्वयंसेवकांना यंत्रातून श्वासासोबत फुलणारी फुप्फुसे दाखविली, इतरांना केवळ श्वासाकडे लक्ष द्यावयास सांगितले. आठवड्याच्या सरावानंतर दोन्ही गटांत उष्णतेचा चटका सोसण्याची मर्यादा वाढली.

आचार्य महाप्रज्ञांच्या प्रेक्षाध्यानातील दीर्घश्वासप्रेक्षा व कायोत्सर्ग आपल्या घरांत परिचित आहेत. यंत्रासाठी हजारो रुपये मोजण्यापूर्वी महिनाभर तेच करून पाहावे, असा माझा हिशेब आहे. वेदनेमुळे चित्त मुळीच स्थिर होत नसेल, तर मात्र यंत्राचा आधार उपयोगी पडू शकेल. नातवाचे यंत्र मी दहा मिनिटे लावले, तेव्हा डोके गरगरले, बसूनच वापरावे.

सोबत ओठ मिटलेले व दात किंचित विलग ठेवावेत, कोमट शेक घ्यावा, सुपारी सोडावी. चालताना वा जिना चढताना जबडा दुखत असेल, तर हे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी हृदयतपासणी करावी.