गायरानावर प्लॉट पडू लागले तर हरकत कशी घ्यावी?



आखाडा बाळापूर परिसरात काम करताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार कानी येतो. हिंगोली-नांदेड रस्ता सुधारला आणि रस्त्याकडेच्या शेतांत पांढऱ्या चुन्याच्या रेघा दिसू लागल्या. प्लॉटिंगचे फलक लागले. कोणी स्वतःच्या मालकीची जमीन कायद्याने विकली तर त्याला आपली ना नाही. पण त्या रेघा कधी गायरानाला भिडतात, कधी एखाद्या आंध आदिवासी कुटुंबाच्या दोन एकरांत शिरतात. मग वाडीवरची माणसे विचारतात, "सर, आता काय करायचं?" आपल्या देणग्यांतून चालणाऱ्या कामाचा बराच वेळ आता या प्रश्नात जातो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो (१ राजे, अध्याय २१). आपल्या लक्षात राहते ती ईजबेलची दुष्टाई. पण तो अध्याय कागदपत्रांच्या नजरेने पुन्हा वाचा. पत्रे लिहिली गेली, राजाचा शिक्का मारला गेला, गावच्या वडीलजनांना बसवले गेले, दोन साक्षीदार उभे केले गेले. वरवर सगळे रीतसर झाले! आजही जमीन जाते ती बहुधा अशीच, कागदावरून. तेव्हा हरकतही कागदावरूनच घ्यावी लागते.

पहिला प्रश्न असा की जमीन कोणत्या प्रकारची आहे? "आमच्या गावची जमीन आहे" एवढ्याने भागत नाही. सातबारा काढा. भोगवटादार म्हणून सरकारचे नाव आणि गायरानाची नोंद असेल तर मालकी शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२-अ प्रमाणे गायरान दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. सार्वजनिक कामासाठी आणि दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तर, असे थोडे अपवाद आहेत, तेही कडक अटींचे. सरपंचाने ठराव केला म्हणून गायरानाचे प्लॉट पाडून विकता येत नाहीत.

सातबारावर आदिवासी खातेदार असेल तर कलम ३६-अ लागू होते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रीसाठी शासनाचीही मान्यता लागते. विक्रीच नव्हे, गहाण, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा हे सगळे त्यात येते. "विकत नाही हो, फक्त लीजवर घेतो" असे सांगणाऱ्याला हे ऐकवावे. विनापरवानगी व्यवहार झाला असेल तर जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा अर्जावरून चौकशी करून जमीन परत देऊ शकतात.

एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. पुष्कळ कार्यकर्ते येऊन "पेसा कायदा लावा" म्हणतात. किनवट भागात अनुसूचित क्षेत्र आहे, तिथे ते चालते. हिंगोली जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. कळमनुरीला आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय आहे म्हणून पेसाही असेल असे लोक धरून चालतात, तसे नाही. अर्जात चुकीचा कायदा घातला की समोरच्या वकिलाचे काम सोपे होते. कलम ३६-अ मात्र सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे, आणि आपल्याकडे तेच खरे शस्त्र आहे.

बिनशेतीच्या परवानगीवर फार विसंबू नका. त्या अटी गेल्या काही वर्षांत बऱ्याच सैल झाल्या आहेत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला तर वेगळ्या सवलती आहेत. म्हणून "एनए नाही" हा एकच मुद्दा धरला तर हरकत पुढे टिकत नाही.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. गायरान वाचवण्याच्या अर्जात सगळे जण सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल जोडतात. पंजाबातील पतियाळा जिल्ह्यात गावचे तळे बुजवून घरे बांधली होती. न्यायालयाने ती हटवायला सांगितले, आणि गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याची योजना करण्याचा आदेश सगळ्या राज्यांना दिला. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. निकाल चांगला आहे. पण त्याची धार दोन्हीकडे आहे. आपल्या भागात गायरानावर राहणारी पहिली माणसे कोण? भूमिहीन आंध, पारधी, मातंग, बौद्ध कुटुंबे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गायरान अतिक्रमणांचा विषय आला, तेव्हा नोटिसा गावोगावच्या झोपड्यांवर लागल्या. "गायरानावरील सर्व अतिक्रमणे हटवा" असा अर्ज आपण दिला तर प्लॉटवाला वकील लावून तारखा घेत राहील, आणि जेसीबी आधी आपल्याच माणसाच्या कुडापर्यंत पोहोचेल.

म्हणून अर्जात दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात. त्याच निकालात न्यायालयाने अपवाद ठेवला आहे: शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन, किंवा जिथे आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय आहे ती. हा परिच्छेद अर्जात आवर्जून नमूद करा. शिवाय २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील, भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून एकनाथ आवाडांच्या कामापर्यंत गायरानासाठी माणसे तुरुंगात गेली, मार खाल्ला. हे निर्णय आपोआप आलेले नाहीत. पुरावा म्हणून दंडाच्या पावत्या, गाव नमुना १-ई मधील नोंद, जुनी पाहणीपत्रके जपून ठेवावीत. पत्र्याच्या पेटीत ठेवलेली पावती पावसाळ्यात भिजते, तेव्हा आधी झेरॉक्स काढा. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदांसाठी कधी परभणीची फेरी होते. गेल्या तिमाहीत आपल्या प्रवासखर्चाच्या रकान्यातील बरीच रक्कम या फेऱ्यांची आहे.

चराईचे नुकसानही अर्जात लिहा, आणि मोजून लिहा: वाडीत शेळ्या किती, त्या कोणत्या गटात चरतात, पाणवठा कुठे, सरपण कुठून येते. "पर्यावरणाची हानी" एवढे लिहून साहेबांचे मन द्रवत नाही.

हरकत द्यायची कुठे? फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. म्हणजे कोणीतरी चावडी वाचली पाहिजे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण अर्ज त्याच टेबलावर जातो. प्रत तहसीलदार, कळमनुरी यांना, आणि आदिवासी जमीन असेल तर जिल्हाधिकारी व प्रकल्प कार्यालयाला. पोच घेतल्याशिवाय उठू नये. वकिलाची फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

ग्रामसभेचा ठराव आपल्याकडे बंधनकारक नसला तरी वाया जात नाही. गोव्यात प्रादेशिक आराखडा २०११ मध्ये हिरव्या जमिनी वस्तीसाठी दाखवल्या होत्या. लोकांनी नकाशे गावोगाव नेऊन समजावले, गोवा बचाव अभियान उभे राहिले, त्यात चर्चची मंडळीही होती, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला. तिथले लोक आपल्यापेक्षा शिकलेले आणि सुस्थितीत, हे खरे. पण नकाशा वाचायला वाडीवरच्या बायकाही शिकतात. गट नंबर सांगितला की कोणते बाभळीचे झाड हद्दीवर आहे ते त्या बोटाने दाखवतात.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला अपेक्षित आहे. कोरमसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतील जे कमी ते लागतात. ज्या मंडळ्यांतील तरुणांना सातबारा वाचता येतो त्यांनी सप्टेंबरमध्ये एक रविवार उपासनेनंतर आमच्याबरोबर वाड्यांवर यावे. पाळकसाहेबांकडे नाव द्यावे. येताना चष्मा, वही आणि झेरॉक्ससाठी सुटे पैसे आणावेत.