पंच्याऐंशी टक्के आणि हुकलेली गोळी

आजचा विषय ऐकून काहीजण हसतील. सत्तरीकडे झुकलेला निवृत्त फौजी व्हिडिओ गेमवर काय बोलणार? पण उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आमच्याकडे नोएडाच्या अरुण विहारमध्ये आला आणि त्याने मला ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ खेळायला बसवलं. मी अजून त्यातून उठलेलो नाही.

हा खेळ फिराक्सिस या अमेरिकन कंपनीने २०१२ साली काढला. त्याचं मूळ ज्युलियन गॉलप यांच्या १९९४ च्या खेळात आहे. परग्रहावरून हल्ला झालाय आणि तुमच्याकडे चार ते सहा जणांची तुकडी आहे. बुद्धिबळासारखं आळीपाळीने खेळायचं. आधी तुमचे सगळे सैनिक हलतात, मग शत्रूचे. बुद्धिबळातल्या प्याद्याला नाव नसतं. इथे प्रत्येकाला नाव, हुद्दा आणि अनुभव असतो. नातवाने आजीला स्नायपर केलं आणि मला बॉम्ब फेकणारा.

आधी खेळाचं बलस्थान सांगतो. आम्हाला अकादमीत पहिल्या दिवसापासून शिकवलं जायचं ते ‘फायर अँड मूव्ह’: निम्मे पुढे सरकतात, निम्मे त्यांना कव्हर देतात. हा खेळ तेच शिकवतो, तेही न बोलता. उघड्यावर धावलात की मेलात. अर्धा आडोसा असेल तर शत्रूचा नेम वीस अंकांनी घटतो, पूर्ण आडोशामागे चाळीस अंकांनी. बाजूने वळसा घालून गेलात तर तोच आडोसा निरुपयोगी.

दुसरं बलस्थान म्हणजे नशीब. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने लष्करी प्रशिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ सादर केला, त्यातही फासे होते. कारण लढाईत उत्तम योजनाही फसते, हे त्याला ठाऊक होतं.

आता वैताग. पडद्यावर ‘८५ टक्के’ दिसतं, गोळी हुकते आणि नातू ओरडतो, “आजोबा, चीटिंग!” चीटिंग नाही रे बाबा, हिशोब आहे. ८५ टक्क्यांच्या चार गोळ्या ओळीने लागण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के. आपलं मन ८५ ला शंभर समजतं, ही आपली चूक.

पण एक तक्रार खरी आहे. शत्रूची टोळी तुम्हाला दिसली की तिला लगेच आडोशाला पळायची फुकट संधी मिळते. म्हणजे अचानक छापा घालणं जवळपास अशक्य. फौजी माणसाला हे पटत नाही. २०१६ च्या दुसऱ्या भागात लपून सुरुवात करण्याची सोय दिली, पण बऱ्याच मोहिमांना चालींची मर्यादा घातली. तीही अनेकांना जाचली. दुसरी तक्रार बढतीची. जास्त शत्रू मारणारा भराभर वर चढतो, जखमा बांधणारा मागे राहतो. खऱ्या पलटणीत तो माणूस किती मोलाचा असतो, ते जखमी झालेल्याला विचारा.

आमचं खरं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवर झालं. सैनिक मेला की नातू जुना सेव्ह उघडून मागे जायचा. खेळात ‘आयर्नमॅन’ नावाचा पर्याय आहे. त्यात एकच सेव्ह असतो, मागे जाता येत नाही. मी म्हटलं, तसं खेळू. तिसऱ्याच मोहिमेत आजी गेली. तळावरच्या स्मृतिफलकावर तिचं नाव आलं. नातू रुसला. म्हणाला, “तुम्ही तिला त्या छतावर पाठवलंत.”

नव्वदच्या दशकात काश्मीरमध्ये एका शोधमोहिमेत मी एका जवानाला डाव्या बाजूने जायला सांगितलं होतं. तो परत आला नाही. उजवीकडून पाठवलं असतं तर? या प्रश्नाला सेव्ह नसतो. नातवाला मी एवढंच सांगितलं, “हो, मीच पाठवलं.”

थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, “आता नीट विचार करून पाठवूया.”

तेव्हा मंडळी, घरातलं मूल असा खेळ खेळत असेल तर शेजारी बसा. सुरुवातीला सोपी पातळी घ्या, हात बसला की आयर्नमॅन. खेळ वैताग देईल, पण चाल खेळण्याआधी थांबायला शिकवेल.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.