रक्तगट, गुणसूत्रे आणि 'ओ'च्या घरातील 'बी' मूल

प्रस्तावना :

आनुवंशिकता शिकविताना बहुतेक शिक्षक रक्तगटाचे उदाहरण घेतात. फळ्यावर तक्ता काढता येतो आणि विद्यार्थ्यांना तो घरी जाऊन पडताळता येतो. अडचण नेमकी या पडताळण्यात आहे. आई-वडील दोघेही 'ओ' आणि आपण 'बी', असा कागद घेऊन एखादी मुलगी वर्गात उभी राहिली, तर तक्ता म्हणतो की हे शक्य नाही. 'शक्य नाही' याचा अर्थ तिच्या घरी काय लावला जाईल, हे वेगळे सांगायला नको. आळ आईवरच येतो. हा तक्ता कोठे अपुरा पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक भाषेचा अध्यापक असल्याने परिभाषा बेताचीच ठेवली आहे.

गुणसूत्र व जनुक :

मानवी पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. (१९५६ पर्यंत ही संख्या ४८ शिकविली जात असे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे, पुस्तकेही दुरुस्त होतात.) प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून येते. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा गुंडाळलेला लांब धागा, आणि या धाग्याचा विशिष्ट काम सांगणारा तुकडा म्हणजे जनुक. प्रथिने तयार करण्याची माहिती देणारी अशी सुमारे २०,००० जनुके माणसात आहेत. मराठीतील 'वारसा' आणि उर्दूतील 'मोरूसी' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. मात्र मालमत्तेच्या वारशात वाटे कमी-जास्त असतात. गुणसूत्रांच्या जोड्यांत आईचा व वडिलांचा वाटा निम्मा-निम्मा असतो.

जनुकाची दोन रूपे एकत्र आली, तर पुष्कळदा एकच दिसते आणि दुसरे झाकले जाते. झाकलेले रूप नष्ट होत नाही. ते पुढच्या पिढीकडे जाते. मेंडेलने वाटाण्यांवरील प्रयोगांतून १८६६ मध्ये मांडलेली गोष्ट ती हीच.

बॉम्बे रक्तगट :

ए, बी, ओ हे गट कार्ल लँडस्टायनर यांच्या १९०१ च्या शोधनिबंधातून पुढे आले. ते ठरविणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. परंतु एवढ्याने गट ठरत नाही. रक्तपेशीवर आधी 'एच' नावाचा पदार्थ तयार व्हावा लागतो आणि त्यावर ए किंवा बी चढते. एच तयार करणारे जनुक वेगळ्याच, एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. सुरतेच्या भाषेत सांगायचे, तर एच हे कापड आणि ए, बी ही त्यावरची जरी. कापडच नसेल, तर कारागिराजवळ जरी असून ती लावणार कशावर?

असे 'कापड' नसलेले रक्त मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. हे रक्त तपासणीत 'ओ'सारखे दिसे, परंतु 'ओ' रक्ताशी जुळत नसे. त्यांचा निबंध १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि या प्रकारास 'बॉम्बे रक्तगट' हे नाव मिळाले. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाला असतो, असे मानले जाते. युरोपात तो फारच विरळ आहे.

आता वरील मुलीचा कागद पुन्हा पाहू. आईजवळ नवव्या गुणसूत्रावर बीचे जनुक आहे, पण एचची दोन्ही जनुके निकामी आहेत. म्हणून तिचा गट 'ओ' लिहिला गेला. वडील खरोखरीचे 'ओ', परंतु त्यांचे एच शाबूत. मुलीला आईकडून बी आणि वडिलांकडून एच मिळाले आणि तिचा गट 'बी' झाला. यात कोणाचाही दोष नाही. अर्थात, अशा विसंगतीचे अधिक नेहमीचे कारण म्हणजे शिबिरात किंवा कागदावर झालेली चूक. म्हणून पहिला सल्ला फेरतपासणीचा.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. पत्नीला सावळे मूल झाले, म्हणून एक बदू मनात शंका घेऊन हुजूर सल्लल्लाहू अलैहि व सल्लम यांच्याकडे आला. त्यांनी त्याच्या उंटांचे रंग विचारले. तांबड्या उंटांत राखाडी कोठून आले, या प्रश्नावर, पूर्वजांपैकी कोणाचा तरी रंग उतरला असावा, असे त्यालाच म्हणावे लागले. तसेच मुलाचे असू शकते, हे त्याला समजावण्यात आले. हदीसमध्ये जनुकशास्त्र शोधण्याचा खटाटोप प्रस्तुत लेखकाला पटत नाही. परंतु केवळ रूपावरून पत्नीवर संशय घेऊ नये, ही शिकवण त्यात स्पष्ट आहे.

रक्त देताना-घेताना :

बॉम्बे गटाच्या व्यक्तीच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे तिला 'ओ' रक्तही चालत नाही. दिल्यास जिवावर बेतू शकते. काचपट्टीवर ए व बीचे द्रव टाकून केलेल्या झटपट तपासणीत हा फरक कळत नाही. रुग्णाचा रक्तद्रव 'ओ' पेशींशी मिसळून पाहिल्यावर तो उघड होतो. कडोदरा चार रस्त्यासारख्या ठिकाणी, जेथे हायवेवरचा अपघात आणि गिरणीतील अपघात या दोन्हींची भीती असते, तेथे रक्त चढविण्यापूर्वीची जुळवणी घाईत टाळणे किती धोक्याचे, हे यावरून ध्यानात येईल.

एचचे निकामी जनुक एकच असेल, तर काहीच जाणवत नाही. दोन्हीकडून ते आले, तरच गट बदलतो. आजी-आजोबा एकच असले, की तेच निकामी जनुक दोन्ही बाजूंनी उतरण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमियासारख्या आजारांनाही हाच नियम लागू आहे. चुलत-मावस भावंडांचे विवाह आपल्या समाजात होतात, मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक हिंदू जातींतही होतात. शरीअतने त्यास मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. अशा घरांत निकाहापूर्वी थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घेण्यास संकोच नसावा.

वर्गात तक्ता जरूर शिकवावा, पण आई-वडिलांचे गट विचारून आणण्याचा गृहपाठ देऊ नये; काल्पनिक कुटुंबे पुरेशी आहेत. 'ओ' आणि 'ओ' या रकान्यापुढे 'सर्वसाधारणपणे' हा शब्द लिहावा. कोणी बॉम्बे गटाचा निघाल्यास त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करावी. आई-वडील दोघांजवळ एकेक निकामी जनुक असेल, तर प्रत्येक भावंडाचा तोच गट असण्याची शक्यता चारांत एक असते.